तोंडपाठ

बरेच दिवस ब्लॉगवर काही टाकलं नाही. नातेवाईकांना कारण ठाऊक आहे, बाकीच्या ब्लॉगमित्रांसाठी सांगतो. पावसाळ्याच्या तोंडाशी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. पाय थोडा परतला, हात निम्मा परतला. बोलणं मात्र आलं नाही. डॉक्टरांनी 'अफेजिया' असा शब्द सांगितला. समोरच्याचं कळतं, मनात काय आहे तेही असतं, पण शब्द हाताला लागत नाही. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाला पाणी हवं असेल तर तांब्याकडे बोट दाखवावं लागतं.

मी सुट्टी काढून पलूसला आलो. तिसऱ्या आठवड्यात सांगलीहून आत्या आली. रात्रीची जेवणं झाली, भांडी आवरली आणि आत्या म्हणाली, "चला, प्रार्थना करू या." आमच्या घरात ही जागा अण्णांची. त्यांच्यामागे थोरला म्हणून माझी. सगळ्यांनी डोळे मिटले आणि माझी वाट पाहू लागले.

खरं सांगतो, मी कित्येक वर्षांत मोठ्याने प्रार्थना केलेली नव्हती. चर्चला जातो ते लग्नाकार्याला आणि नाताळला. "हे प्रभू," एवढं म्हणालो आणि पुढे काही सुचेना. ऑफिसात शंभर माणसांपुढे बोलतो, पण इथे घशात आवंढा. असं अर्धा मिनिट गेलं असेल. मग आत्याने मला सोडवलं. तिने प्रभूची प्रार्थना सुरू केली, ती येशूने शिष्यांना शिकवलेली, सगळ्यांना पाठ असते ती. दुसऱ्या ओळीला कॉटवरून आवाज आला. अण्णांचा. स्पष्ट, ठणठणीत, शाळेत कविता म्हणायचे तसा. पहिल्यापासून 'आमेन'पर्यंत त्यांचा एक शब्द अडखळला नाही.

आई रडायला लागली. आम्हाला वाटलं, झालं, वाचा परत आली. मी जवळ जाऊन विचारलं, "अण्णा, पाणी देऊ?" त्यांनी तोंड उघडलं, ओठ हलले, आणि काही नाही. बोट तांब्याकडे.

आता थोडी जुनी गोष्ट, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कॉलेजात असताना माझं आणि अण्णांचं याच गोष्टीवरून जोरदार वाजलं होतं. माझं म्हणणं होतं की पाठ केलेली प्रार्थना म्हणजे पोपटपंची. मनातून येतं ते खरं, बाकी सगळी टेप. अण्णा शांतपणे म्हणाले होते, "पाढे पाठ केलेस तेव्हा पोपटच होतास की." मी चिडून रात्रीच्या प्रार्थनेला बसायचं बंद केलं. पुढे नोकरीला पुण्याला गेलो आणि ते बंदच राहिलं. त्याला वीसेक वर्षं झाली. त्यामुळे त्या रात्री झोप लागली नाही हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवसापासून मी वाचायला लागलो. प्रार्थना करायला माणूस शिकतो कसा? आणि आमच्यासारखी मराठी माणसं ही ख्रिस्ती पद्धतीची प्रार्थना कुणाकडून, कशी शिकली? जे हाती लागलं ते इथे टाकतो आहे. लांबलंय, चहा घेऊन बसा.

मूळ गोष्ट शुभवर्तमानात आहे. लूकच्या अकराव्या अध्यायात येशू कुठेतरी प्रार्थना करतो आहे, ती संपल्यावर एक शिष्य त्याला विनवतो की, योहानाने आपल्या शिष्यांना शिकवलं तसं तू आम्हालाही शिकव. म्हणजे बघा, ही माणसं जन्माने यहुदी होती. लहानपणापासून स्तोत्रं म्हणत आलेली, सणावारी यरुशलेमला जाणारी. त्यांनाही वाटलं की आपल्याला प्रार्थना येत नाही, ती शिकायला हवी. मला याचं फार बरं वाटलं. उत्तरादाखल येशूने त्यांना प्रार्थनेवर प्रवचन दिलं नाही, चार-सहा ओळी दिल्या. लूकमध्ये त्या थोडक्यात आहेत, मत्तयच्या सहाव्या अध्यायात जरा विस्ताराने. 'दिदाखे' नावाचं एक फार जुनं ख्रिस्ती पुस्तक आहे, पहिल्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचं. त्यात या ओळी दिवसातून तीनदा म्हणाव्यात असं सांगितलंय. म्हणजे पाठांतर अगदी सुरुवातीपासूनच.

आणि गंमत म्हणजे मत्तयच्या त्याच अध्यायात, ही प्रार्थना देण्याच्या जरा आधी, येशू अर्थहीन बडबड करत बसू नका असंही बजावतो. कॉलेजातला मी याच ओळीवर नाचत होतो! अण्णांना पुढची ओळ दिसत होती, मला मागची.

आपल्याकडे हे कसं आलं? फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला. तो हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्याने हिंडायचा, पोरं आणि गुलाम गोळा करायचा आणि त्यांच्याकडून प्रार्थना घोकून घ्यायचा. लोकांना किती कळत असेल हा प्रश्न आहेच. या सगळ्यामागे पोर्तुगीज सत्ता होती, देवळं पाडली जात होती, हेही विसरून चालणार नाही. तिथे प्रार्थना शिकणं नेहमी राजीखुशीचं होतं असं म्हणणं खोटं होईल.

पण त्याच गोव्यात १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट आला. हा माणूस वेगळा. त्याच्या लक्षात आलं की ख्रिस्ती झालेल्या लोकांना पूर्वीसारखी पुराणं ऐकायला मिळत नाहीत, आणि ती उणीव नुसत्या प्रश्नोत्तरांनी भरून निघत नाही. मग त्याने मराठीत ओव्या रचल्या, थोड्याथोडक्या नाही, अकरा हजारांच्या आसपास. तेच ते 'ख्रिस्तपुराण', १६१६ मध्ये साष्टीतल्या रायतूर इथे छापलं गेलेलं. मराठी भाषेच्या थोरवीबद्दलचा त्यातला भाग आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचला असेल. त्यात स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलंय! परक्या देशातून आलेल्या पाद्रीला कळलं होतं की इथल्या माणसाच्या तोंडात ओवी बसते, गद्य बसत नाही. स्टीफन्स १६१९ मध्ये वारला. त्याने कोकणीत लिहिलेलं प्रश्नोत्तरांचं 'दौत्रिन क्रिस्तां' त्याच्यामागे, १६२२ मध्ये छापलं गेलं. त्यात शिकवणाऱ्याने विचारायचं, शिकणाऱ्याने पाठ उत्तर द्यायचं. म्हणजे एकाच माणसाने दोन्ही वाटा धरल्या. घोकायला प्रश्नोत्तरं आणि गुणगुणायला ओव्या.

पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेवरच हुकूम काढला, त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

आमच्या भागापर्यंत हे लोण यायला एकोणिसावं शतक उजाडलं. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला आले, मग अहमदनगर. इकडे दक्षिणेला रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापूरला आला आणि त्या मिशनचं काम पुढे सांगली-मिरजेपर्यंत पसरलं. विल्यम वॉनलेस नावाचा कॅनडाचा तरुण डॉक्टर १८८९ मध्ये आला आणि १८९४ मध्ये मिरजेचा दवाखाना उभा राहिला. सातारा-सांगलीकडच्या माणसाने ख्रिस्ती प्रार्थना पहिल्यांदा ऐकली असेल तर ती बहुतेक त्या दवाखान्यात. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर थांबून, डोळे मिटून प्रार्थना करतो, ही गोष्ट पंचक्रोशीत सांगितली जायची. आमची आजी सांगायची, "एवढा मोठा डॉक्टर, आनि तो बी कुनापुढं तरी मान वाकवतोय, मग म्या कोन लागून गेले?" आजीचा धर्मांतराचा सगळा तात्त्विक पाया एवढाच.

एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो, कारण नातेवाईकांपैकी काहीजण ती टाळतात. आमचं घर मूळचं गावकुसाबाहेरचं. पणजोबांच्या काळात आमच्या माणसांना देवळाच्या पायरीच्या अलीकडे थांबावं लागायचं. पलूसला धोंडीराज महाराजांचं देऊळ, पलीकडे कृष्णाकाठी औदुंबर, चहूबाजूंनी आरत्या आणि पालख्या, आणि आमच्यासाठी सगळं लांबून. चोखोबांना पंढरपुरात जे भोगावं लागलं ते सगळ्यांना माहीत आहे. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ मध्ये ते देऊळ सगळ्यांना उघडलं. म्हणजे आमच्या पणजोबांचा प्रश्न 'कुठल्या देवाची प्रार्थना करू' असा नव्हताच. 'देवाशी बोलायला मला कुणी उभं करेल का' असा होता. मिशनच्या लोकांनी पहिली गोष्ट शिकवली ती ही की तू बोल, मध्ये कुणी लागत नाही. आणि लगेच दुसरी गोष्ट, काय बोलायचं ते पाठ करून दिलं :)

आजी निरक्षर होती. घरोघर बायबल शिकवत फिरणाऱ्या बाईने तिला प्रभूची प्रार्थना शिकवली, रोज एक ओळ. आजी ती जात्यावर घोळवायची. पीठ पडेपर्यंत एक ओळ पाठ व्हायची. त्यामुळे तिची ही प्रार्थना कायम ओवीच्या चालीवर. चर्चमध्ये सगळे गद्य म्हणायचे, आजी मागून चालीत. पाळकसाहेबांनी एकदा हळूच सुचवून पाहिलं, काही उपयोग झाला नाही.

तिला त्या प्रार्थनेतला एक शब्द फार आवडायचा, भाकर. जगभर इतर भाषांत तिथे ब्रेड, पाव, अन्न असं काहीबाही आहे. मराठी भाषांतरकारांनी 'भाकर' केलं. मूळ ग्रीकमध्ये त्या भाकरीला जे विशेषण लावलंय ते बाकी ग्रीक साहित्यात जवळजवळ कुठेच सापडत नाही, त्यामुळे त्याचा नेमका अर्थ काय, आजची की उद्याची की पोटापुरती, यावर पंडित दोन हजार वर्षं भांडतायत. आजीला अशी काही अडचण नव्हती. भाकर म्हणजे ज्वारीची.

आता टिळक. म्हणजे ना. वा. टिळक, फुलामुलांचे कवी. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांचं त्यांच्यावाचून पान हलत नाही. जन्म १८६१, कोकणातल्या करजगावचा. १८९३ च्या सुमाराला नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले ते थांबलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा झाला.

टिळकांना पहिल्यापासून खटकत होतं ते मिशनने शिकवलेल्या प्रार्थनेचं परकेपण. बाकावर बसायचं, इंग्रजी चालींवर मराठी शब्द ठोकून बसवायचे, ऱ्हस्व-दीर्घाचे हाल. त्यांना तुकोबा येत होते, ज्ञानोबा येत होते. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. मग त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, शेकड्यांनी. आमच्या 'उपासना संगीत'मधून टिळक काढले तर काय उरेल याची कल्पना करवत नाही. त्यांच्याआधी नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन सुरू केलं होतं, टाळ-मृदंगासकट. स्टीफन्सने जे तीनशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं, तेच या लोकांनी पुन्हा शोधून काढलं.

आमच्या घरात अण्णांना कुणी अरे-तुरे करायची छाती नव्हती. आई 'अहो', आम्ही 'तुम्ही'. आणि अण्णा मात्र रात्री डोळे मिटून देवाला सरळ 'तू' म्हणायचे! लहानपणी मला याचं फार नवल वाटायचं. वारकरी विठोबाला जसं एकेरीत हाक मारतात, भांडतात, रुसतात, तेच हे. ही सवय कुठल्या मिशनरीने लावलेली नाही.

टिळकांच्या शेवटच्या वर्षांचा आमच्या भागाशी संबंध आहे, तो फारसा कुणाला माहीत नसतो. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचं पगारी काम सोडलं, संन्यास घेतला आणि साताऱ्याला येऊन 'देवाचा दरबार' उभा केला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा. ख्रिस्ताचा शिष्य असलं म्हणजे झालं. मिशनमधल्या बऱ्याच जणांना हे रुचलं नसणार. पण दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. दरबार पुढे वाढला असता तर इकडचं ख्रिस्ती जग कसं दिसलं असतं, हा विचार साताऱ्यातून जाताना दर वेळी मनात येतो. टिळकांचं चरित्र लिहिणाऱ्या जे. सी. विन्स्लो या इंग्रज पाद्रीने १९२२ मध्ये नगरला ख्रिस्त सेवा संघ काढला, जमिनीवर बसून, इथल्या रीतीने उपासना करणारा. म्हणजे तोवर शिकवणारेच शिकायला बसले होते.

मला स्वतःला टिळकांपेक्षा लक्ष्मीबाई जवळच्या वाटतात. 'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल तर ब्लॉग बंद करा आणि आधी ते वाचा. वडील इतके सोवळे की घरात येणारी वस्तू न् वस्तू धुऊन घ्यायचे. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा या बाईवर आभाळ कोसळलं. मुलाला घेऊन काही काळ पंढरपुरात राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या त्या स्वतःची चूल आणि स्वतःचं सोवळं घेऊनच. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. आणि मग एके दिवशी, कुणी प्रवचन दिलेलं नसताना, बाईंना आतूनच उमगलं की जात काही देवाने केलेली नाही. त्यानंतर कुणाच्याही हातचं पाणी घ्यायला त्यांनी सुरुवात केली. बाप्तिस्मा १९०० मध्ये. आधी पाणी, मग बाप्तिस्मा. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं अशा घरातला मी असल्यामुळे जरा जास्तच.

पाठांतराच्या अगदी उलट टोकाला पंडिता रमाबाई. खरं तर पाठांतरात त्यांचा हात कोण धरणार! भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत असलेली बाई. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या सिस्टरांशी पत्रापत्रीतून भरपूर वाद घातले. मतांचा घोटाळा न तपासता गिळायला ही बाई तयार नव्हती. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जानेवारीत त्यांनी एक प्रार्थनागट सुरू केला. सुरुवातीला सुमारे ७० जणी, जूनपर्यंत ५५० च्या घरात. दुष्काळातून, विधवापणातून आलेल्या मुली. जूनच्या अखेरीला तिथे जे झालं त्याने मिशनरी जगत हादरलं. शेकडो मुली एकाच वेळी, मोठ्याने, प्रत्येकीची आपापली प्रार्थना. रडणं, ओरडणं. पाहुण्या साहेबांना काही कळेना की याला शिस्त लावावी की गुडघे टेकावेत. रमाबाईंनी ते थांबवलं नाही. ज्या मुलींना आयुष्यात कुणी 'तुला काय वाटतं' असं विचारलं नव्हतं त्या बोलत होत्या, आणि रमाबाई त्यांना बोलू देत होत्या.

आणि मग याच रमाबाईंनी उरलेलं आयुष्य कशात घातलं? साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत सगळं बायबल उतरवण्यात. १९२२ मध्ये त्या वारल्या, छापील ग्रंथ १९२४ चा. म्हणजे उत्स्फूर्त प्रार्थनेची एवढी मोठी लाट पाहिलेली बाई शेवटी शब्दापाशी येऊन बसली. कॉलेजात असताना मी मुक्तीचं उदाहरण अण्णांच्या तोंडावर फेकलं होतं. बायबलचं मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि अण्णांनीही सांगितलं नाही.

जरा विषयांतर. आमच्या शेजारचं कुंडल आणि किर्लोस्करवाडी औंध संस्थानात होती, आणि औंधचे राजे पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते. शाळाशाळांतून नमस्कार घालून घेत. अण्णांना स्वतःला ते जमायचे आणि ते आम्हालाही घालायला लावायचे. एकदा चर्चमधल्या कुणीतरी आक्षेप घेतला तर म्हणाले, "अंगाला वळण लागलं की मन मागून येतं, आलं तर." त्या 'आलं तर'कडे मी तेव्हा लक्ष दिलं नव्हतं.

आता त्या रात्रीचं. इंटरनेटवर शोधता शोधता कळलं की अण्णांना झालं ते डॉक्टरांना साडेतीनशे वर्षांपासून ठाऊक आहे. १६८३ मध्ये पीटर रोमेल नावाच्या जर्मन वैद्याने एका बाईची हकीगत लिहून ठेवली आहे. झटक्याने वाचा गेली, पण प्रभूची प्रार्थना आणि बायबलमधली काही वचनं ती घडाघडा म्हणायची. फक्त ज्या क्रमाने पाठ केली होती त्याच क्रमाने. क्रम बदलला की सगळं बंद. पुढे स्वीडनच्या ओलोफ दालिनने १७४५ मध्ये एका माणसाबद्दल लिहिलं. त्याला बोलता येत नव्हतं, पण कुणी सुरुवात करून दिली की तो चर्चमधली गीतं गायचा, आणि ठरावीक प्रार्थना म्हणायचा. एकोणिसाव्या शतकात ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज डॉक्टरने त्याची मांडणी केली. विचार करून जुळवलेलं बोलणं वेगळं आणि सवयीने आपसूक येणारं बोलणं वेगळं. झटक्यात पहिलं जातं, दुसरं बऱ्याचदा वाचतं. त्यात प्रार्थना असतात, पाढे असतात, आणि (अण्णा माफ करा) शिव्याही असतात.

डॉ. सॅम्युअल जॉन्सनची गोष्ट याच्या बरोबर उलटी. १७८३ च्या जूनमध्ये रात्री त्याला झटका आला. बुद्धी शाबूत आहे का हे तपासायला त्याने मनातल्या मनात लॅटिन पद्यात एक प्रार्थना रचली. रचता आली, म्हणून जिवात जीव आला. तोंडाने बोलायला मात्र वाचा नव्हती. एकाला रचता आली पण बोलता येईना, दुसऱ्याला बोलता आली पण रचता येईना.

हे सगळं वाचून मला आधी वाईटच वाटलं. म्हणजे ती नुसती टेपच होती तर! कॉलेजातला मी जिंकलो, आणि जिंकल्याचा इतका कंटाळा कधी आला नव्हता. आत्याला हे सांगितलं. ती म्हणाली, "अरे पण त्याच्या डोळ्यांतून पानी येत हुतं त्ये बी सवयीनंच का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जॅक्सनकडे असेल.

आता आमचा रोजचा क्रम ठरलाय. बोलण्याचे व्यायाम घ्यायला सांगलीहून एक मॅडम आठवड्यातून दोनदा येतात. त्या म्हणाल्या की त्यांना जे पाठ आहे तेच वापरा, पाढे म्हणा, वार म्हणा, कविता म्हणा. शाळेतल्या कविता निघाल्या. टिळकांचं एक भजन निघालं, पूर्ण, चालीत. रात्री प्रार्थनेला मी पहिले दोन शब्द म्हणतो आणि अण्णा पुढे नेतात. माझी स्वतःची अशी प्रार्थना अजून जमलेली नाही, ते दोन शब्द तेवढे जमतात. मी ओळीच्या मध्ये थांबलो तर ते थांबत नाहीत. मी चुकलो तर मात्र थांबतात, डोळे उघडतात आणि बघतात. मास्तर ते मास्तरच.

गेल्या मंगळवारची गोष्ट. दुपारी जेवायला बसलो होतो. अण्णांच्या ताटातली भाकरी संपली होती. आईचं लक्ष नव्हतं, ती चुलीकडे तोंड करून होती, मी मोबाइलमध्ये. अण्णांनी डाव्या हाताने ताट वाजवलं नाही, बोट दाखवलं नाही. ते पुटपुटायला लागले. मला वाटलं, जेवताना आता प्रार्थना कसली, आधीच तर झाली. ते पहिल्या ओळीपासून म्हणत होते, भरभर, गाडी पकडायची असल्यासारखे. नाव, राज्य, इच्छा, स्वर्ग, पृथ्वी. आणि 'भाकर' या शब्दाशी आले आणि थांबले. पुढे गेले नाहीत. तो शब्द पुन्हा म्हणाले, नुसता तेवढाच, आणि आईकडे बघितलं.

आईने तव्यावरची गरम वाढली.